काकांच्या नवसाचे पोहे

डिसेंबरातला दुसरा रविवार. रोहा, आमचं घर. सकाळी साडेदहा.

हजर पुरुष: ठाण्याचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, माझा नवरा, माझा भाऊ आणि त्याचे दोन्ही मुलगे, इस्रायलहून आलेला मामेभाऊ, नवऱ्याचा अलिबागचा चुलतभाऊ, पेणचे दुकानवाले दोघे भाऊ, अष्टमी गावचे निवृत्त मास्तर. एकूण दहा.

हजर बायका: मी, माझी मुलगी, वहिनी, पेणच्या दोघी जावा. एकूण पाच.

ही नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. मी धाटावला एका कंपनीत स्टोअर सांभाळते. काय आलं, काय गेलं, काय शिल्लक आहे हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि घरीही तीच सवय लागली आहे. माझ्या नोंदी सहसा चुकत नाहीत. या नोंदीत एक माणूस कमी आहे आणि तो चुकून राहिलेला नाही. त्या दिवशी ओट्यावर काका बसले होते. त्यांना मी लिहिलं नाही.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू. आमचे लोक कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आमच्याकडचा घाणा पणजोबांबरोबर संपला. वडील पेणला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि आम्ही रामवाडीत राहायचो. काका खाडीकाठच्या गावातले. पावसाळ्यात स्वतःची भातशेती, उरलेल्या दिवसांत मिठागर. मिठागरात पायांना चिरा पडतात आणि मिठामुळे त्या भरत नाहीत. तसा पाय घेऊन ते दवाखान्यात आले आणि वडिलांनी एक अख्खा हंगाम दर दोन दिवसांनी त्यांचा पाय धुऊन बांधला. बांधताना रागवायचेही भरपूर, कारण काका पट्टी सोडून परत मिठात उतरायचे. काका त्यांना डाक्तर म्हणायचे. मी कंपाउंडर आहे, असं वडिलांनी सांगितलं की म्हणायचे, "डाक्तर चिठ्ठी लिवतो. पाय कोण धरतो? तू. मंग डाक्तर कोण?"

पाय बरा झाला तरी त्यांचं येणं थांबलं नाही. आमच्या घरी मलिदा असला की काका असायचेच. मलिदा म्हणजे गोड पोह्यांचं ताट. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं आणि सब्जाची डहाळी. ते मध्ये ठेवून पुरुष एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं गाणं म्हणतात, आशीर्वाद म्हणतात आणि मग ते सगळ्यांना वाटतात. आजारातून उठलं, लग्न ठरलं, लांबच्या प्रवासाला निघालं की आमच्यात मलिदा घालतात. नवस बोललेला असला तरी घालतात. वडिलांच्या घरी दहा पुरुष जमल्याशिवाय ताट मांडलं जात नसे. काका त्या दहांच्या मागे भिंतीशी बसायचे. ऐकून ऐकून गाणं त्यांना पाठ झालं होतं. शब्द हिब्रू, अर्थ आमच्यातल्या निम्म्यांना येत नव्हता, त्यामुळे काकांचंही काही अडायचं नाही. आमच्यात दाराच्या चौकटीवर मझुझा असते, धर्मग्रंथातले शब्द आत ठेवलेली बोटभर लांबीची डबी. आत येताना वडील तिला हात लावून तो ओठांना लावायचे. काकाही लावायचे. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

माझ्या मुलीच्या वेळी मी बाळंतपणाला पेणला गेले आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. मी शुद्धीवर नव्हते. हे सगळं आईने मला पुढे सांगितलं. वडील दवाखान्याच्या बाकावर बसून होते. आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं बांधून देणाऱ्या माणसाला काय करावं ते सुचेना. तेव्हा काका उठले, बाहेर आवारात जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "नबीसाहेब, ही डाक्तरची पोर. दोन्ही जीव घरी येऊं दे. नव्या भाताचे पोहे सोता कांडीन, दहा माणसं बसवीन न् तुजा मलिदा घालीन."

दोन्ही जीव घरी आले. नंतर वडिलांनी त्यांना विचारलं, की बाबा, तुझी गावदेवी सोडून आमच्या नबीला कसं काय साकडं घातलंस? काका म्हणाले, पोर तुझी, तर अर्ज तुझ्याच कचेरीत नको का? माझ्या गावच्या आईकडे नेला असता तर ती म्हणाली असती, हे नाव माझ्या रजिस्टरात नाही.

वडील ही गोष्ट फार आवडीने सांगायचे. मुलगी वर्षाची झाली की मलिदा घालायचा असं दोघांचं ठरलं होतं. त्याआधीच वडिलांना अर्धांगवायू झाला. मुलगी तीन वर्षांची असताना ते गेले आणि काकांचा नवस माझ्याकडे आला.

नवस काकांचा, पण तो फेडायला माणसं आमची लागणार. प्रार्थना आमची, दहा पुरुष आमचे. काका स्वतः करू शकत होते ते एकच, पोहे. तेवढं त्यांनी कधी चुकवलं नाही. दरवर्षी नवं भात निघालं की ते भिजवायचे, भाजायचे, उखळात स्वतः कांडायचे आणि धुवट पंच्यात बांधून नागोठण्याला गाडी बदलून रोह्याला आणून द्यायचे. विचारायचे एकदाच, "बाय, यंदा?" मी म्हणायचे, यंदा बघू, काका. मी वहीत लिहायचे: काकांचा मलिदा. वर्ष संपलं की तीच ओळ नव्या वहीत उतरवायचे. आणि पोहे ठेवून खराब होतात, म्हणून आम्ही ते खायचो. दडपे पोहे, कधी चिवडा. माझ्या मुलीला ते फार आवडायचे. तिच्याच जिवासाठी कांडलेले पोहे फोडणी घालून मी तिच्या शाळेच्या, मग कॉलेजच्या डब्यात दिले. एक दोन वर्षं नाही, अठरा वर्षं.

दहा पुरुष मिळत नाहीत, असं मी सांगायचे आणि ते खोटंही नव्हतं. आमची माणसं ठाण्याला, मुंबईला आणि इस्रायलला गेली होती. पण खरं कारण दुसरं होतं. आमच्या ताटावर परक्याचा नवस कसा चालेल, असं मला मनातून वाटायचं. असं मला कोणी शिकवलं नव्हतं. माझे मामा पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा त्यांना विचारलं गेलं होतं, की तुम्ही नक्की ज्यू आहात का, दाखला काय? त्यांनी ते परत आल्यावर सांगितलं तेव्हा मी शाळेत होते. ते मला लागलं ते लागलंच. आपल्या घरात बोट ठेवायला जागा नको, हे मी तेव्हा ठरवलं असावं. वडिलांना मामांचं ऐकून वाईट वाटलं होतं, पण त्यांनी काकांना भिंतीशी बसवणं थांबवलं नाही. माझ्यात ती धमक नव्हती.

मग माझ्या मुलीचं इस्रायलला जायचं ठरलं. मामेभावाने तिची सोय लावून दिली होती, तो स्वतः तिला न्यायला येणार होता. निघण्याआधी मलिदा घालायचाच होता. दहा पुरुष एका दिवशी एका ठिकाणी आणायला मला अडीच महिने लागले. कोणाची शिफ्ट, कोणाचं दुकान, कोणाचे गुडघे. जमलं तेव्हा मला वाटलं, एका मांडणीत दोन कामं होतील. काकांच्या नातवाच्या मोबाइलवर फोन केला. काकांनी तो कानाला उलटा धरला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून येत होता. मी सांगितलं, रविवारी या, पोहे घेऊन या, तुमचा नवस फेडून टाकू. मग नातू म्हणाला, आजोबा रडतायत, आत्या, मी नंतर लावतो.

म्हणजे मी शब्द दिला होता. हे लिहून ठेवणं भाग आहे.

मामेभाऊ आदल्या दिवशी दुपारी पोहोचला. संध्याकाळी मी नारळ खोवत असताना तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, की तिकडे बाकीचे लोक विचारतात, हा प्रसाद कशाचा? मी सांगतो, आमची जुनी रीत आहे. पण आपण सांभाळून केलेलं बरं, आपल्याकडे लोक बघत असतात. एवढंच. रागाने नाही, उपदेश म्हणूनही नाही, चहाचा कप हातात धरून सहज. पण मी तेवढ्यावरच ठरवून टाकलं. सकाळी नवऱ्याला बाजारात पाठवून पोह्यांची पिशवी आणवली आणि नऊच्या आत ताट भरून, वर पांढरं फडकं घालून मोकळी झाले. माझ्या यादीत ताटासाठी दहाची वेळ होती. मी घाई का केली, ते मला माहीत होतं.

काका साडेनऊला आले. आंघोळ करून, उपाशी, वाटेत चहासुद्धा घेतलेला नाही. पांढरी टोपी, डोक्यावर गाठोडं. ओट्यावर चढून त्यांनी सवयीने मझुझाकडे हात उचलला आणि त्याच वेळी मी दारात येऊन उभी राहिले. हात मध्येच राहिला. आत गर्दी आहे काका, इथे वारा छान आहे, इथेच बसा, असं म्हणून मी खुर्ची पुढे केली. गाठोडं त्यांच्या हातातून घेतलं. मागून मामेभाऊ आला आणि कोण आलंय, म्हणून विचारलं.

मी म्हणाले, "पोहे आणून देतात ते. पेणकडचे."

स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाले. काका दोन हातांवर होते. मामेभावाने नमस्कार केला, काकांनी केला, आणि मामेभाऊ आत गेला. मी गाठोडं फळीवर पिठाच्या डब्यामागे ठेवलं. मुलीने ते पाहिलं. तिने विचारलं, आई, आजोबांचं ताट? मी म्हटलं, जरा पाण्याचे पेले मोज.

साडेदहाला सुरू झालं. हज्जानांचा आवाज चांगला होता, दहाही पुरुष नीट म्हणत होते. एलियाहूचं गाणं आलं तेव्हा ओट्यावरून अकरावा आवाज येऊ लागला, थोडा मागे, पण एकही ओळ न चुकता. कोणीतरी दाराकडे पाहिलं. मी फडक्याची घडी घालत राहिले.

वाटप मी स्वतः केलं. ओट्यावर द्रोण नेऊन दिला. काकांनी तो कपाळाला लावला, पोहे बोटांत धरून पाहिले. आयुष्यभर पोहे कांडलेला माणूस, त्याला काय सांगायला हवं?

"हा माजा नव्हं ना, बाय?"

तुमचाच आहे, असं म्हणता आलं असतं. फक्त तेवढ्यापुरतं मी खरं बोलले. म्हटलं, "नाही काका. तुमचा पुढच्या महिन्यात करू."

"बरं," ते म्हणाले आणि सगळे पोहे खाल्ले, एक दाणा ठेवला नाही.

जेवणं दोन पंगतींत झाली. काकांचं पान मी ओट्यावर पाठवलं. आत मामेभाऊ जुन्या गोष्टींत रमला होता. लहानपणी मे महिन्यात तो आमच्याकडे पेणला येऊन राहायचा. भाकरी मोडता मोडता त्याने मला विचारलं, की अगं, आत्याकडे ते मिठागरवाले काका यायचे, मला खांद्यावर घेऊन बांधावरून फिरवायचे, माझ्यासाठी करवंदं आणायचे, ते आहेत का अजून? मी तिकडे माझ्या मुलांना त्यांच्या गोष्टी सांगतो.

दार उघडं होतं. मधे एक भिंत आणि एक पडदा.

"आहेत," मी म्हणाले. "वय झालंय आता."

"भेटायला हवं होतं," तो म्हणाला.

मुलीने वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. अकरा दिवसांनी ती गेली. आजवर तिने तो विषय काढलेला नाही.

काका तीनच्या गाडीने निघाले. पोह्यांना दोन दिवस ऊन दाखव, एवढं सांगून गेले. पाचला हज्जान निघाले. ओट्यावर चपला घालताना त्यांनी विचारलं, इथे बसलेले ते आजोबा कोण? सगळं गाणं पाठ आहे त्यांना. दिवसभर मी खोटं सांभाळून थकले होते, म्हणून असेल, त्यांना सगळं सांगितलं. बाळंतपण, नवस, पोहे. त्यांनी दुसरी चप्पल घातलीच नाही, हातात धरून उभे राहिले.

"मग आज का नाही ठेवलं त्यांचं ताट?"

मी म्हणाले, की आपल्यातले नाहीत ना ते, चाललं असतं का?

"कोणाला विचारलंत?"

कोणालाच नाही. वीस वर्षांत मी हे एकाही जाणत्या माणसाला विचारलं नव्हतं. ते म्हणाले, त्यांनी मागितलं, ते मिळालं, आता त्यांना आभार मानायचे आहेत. आपण फक्त आमेन म्हणायचं होतं. दहा जण होतो. वाटलंच तर पुढे कमी माणसांतही करता येईल. मग त्यांनी चप्पल घातली आणि रिक्षात बसले. मी आत मोजायला गेले तर पुरुष पाच उरले होते.

पुढच्या रविवारी मी काकांच्या गावी गेले. काय बोलायचं त्याचे चार मुद्दे कागदावर लिहून नेले होते. ते अंगणात टोपली विणत होते. कागद पिशवीतच राहिला. मी म्हणाले, काका, माझं चुकलं.

ते विणत राहिले. मग म्हणाले, "पोहे आणून देतो, म्हनलीस ना पाव्हण्याला? मना आयकू येतं अजून." आणि थोड्या वेळाने, "खोटं नाय बोललीस. आणूनच देतो."

त्यांच्या सुनेने चहा आणला. मी पुढचा मुद्दा काढला, की हज्जानसाहेब म्हणतात, दहा नसले तरी चालतं. पुढच्या रविवारीसुद्धा करता येईल, चार-पाच जणांत.

"त्येंचं चालत आसंल. माजं नाय चालायचं. बोलताना दहा बोललो. तिकडून दोन जीव पुरे आले, का दीड आला?"

वडिलांच्या घरी दहांशिवाय ताट मांडत नाहीत, हे त्यांनी तिथे भिंतीशी बसून पाहिलं होतं. आमची रीत त्यांनी माझ्यापेक्षा घट्ट धरली होती. मी निघताना त्यांनी एकच विचारलं, की मी हाय तवर व्हईल ना? नाहीतर नवस पोरांवर राहील आणि पोरांना गाणं येत नाही. हे विचारताना त्यांनी टोपली खाली ठेवली होती.

त्यानंतर दोन पिकं निघाली. काकांना आता उखळापुढे बसवत नाही, पण सून कांडते तेव्हा ते मुसळाला हात लावून बसतात. गाठोडं नातू आणून देतो. यंदाचे पोहे ऊन दाखवून डब्यात भरले आहेत. डबा वरच्या फळीवर आहे, त्याला घरात कोणी हात लावत नाही.

पुरुषांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. अष्टमीचे मास्तर गेले. भावाचा धाकटा मुलगा परदेशी गेला. हज्जान येतो म्हणाले आहेत. नवरा, भाऊ, मोठा भाचा, अलिबागचे दीर, पेणचे दोघे, म्हणजे सात. मुंबईहून वहिनीचे दोन भाऊ तयार झाले, त्यांचं जायचं-यायचं ठरलं आहे. नऊ.

दहावा मामेभाऊ. तो फेब्रुवारीत कामासाठी मुंबईला येतो आहे, आठवडाभर आहे. रोह्याला ये म्हटलं तर येईल, पण कशासाठी ते विचारेल. तेव्हा त्याला सांगावं लागेल, की ज्यांना तू ओट्यावर नमस्कार केलास ते तुझे मिठागरवाले काका होते, आणि तू जेवताना त्यांची चौकशी केलीस तेव्हा ते भिंतीपलीकडे जेवत होते. मुलीने त्याला हे सांगितलेलं नाही, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळतं. ते मीच सांगायचं म्हणून तिने ठेवलं असावं.

निरोप मोबाइलवर लिहून ठेवला आहे. सतरा ओळी आहेत. तीनदा वाचून दुरुस्त केला, आता त्यात बदलण्यासारखं काही नाही. पाठवायचा आहे.